टोपलीत उरलेली माणसे

मनुष्याने आपला जीव धोक्यात घालावा काय, आणि घालायचाच तर कशासाठी, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी नदीत उडी घेणारा तरुण, साथीच्या दिवसांत रुग्णांच्या उशाशी बसणारी धर्मभगिनी, वादळात अडकलेल्या होडीकडे आपली होडी वळवणारा नाखवा, यांच्याविषयी आपल्या मनात संदेह नसतो. त्यांनी धोका पत्करला तो कुणासाठी तरी. पण जिथे कुणाला वाचवायचे नाही, कसली निकड नाही, पोटाचा प्रश्नही नाही, तिथे काय म्हणायचे? एक धडधाकट माणूस एका प्रसन्न पहाटे गरम हवेच्या फुग्याला टांगलेल्या वेताच्या टोपलीत चढतो, हजार-दीड हजार मीटर उंच जातो, टोपलीच्या काठावर उभा राहतो आणि स्वतःला खाली सोडून देतो. पाठीवर दुमडलेली हवाई छत्री, खाली पृथ्वी. हे शौर्य म्हणावे, खेळ म्हणावा, की उद्दामपणा?

हा प्रश्न आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलामुलींची आकाशातून उडी घेतानाची छायाचित्रे आज आपल्याही घरांत येतात. ती पाहून आजी क्रूसाची खूण करते, वडील गप्प होतात आणि धाकटी भावंडे टाळ्या वाजवतात. या तिन्ही प्रतिक्रियांमध्ये थोडे थोडे सत्य आहे. ते एकत्र कसे बांधायचे, याचा हा विचार.

प्रथम त्या उडीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. विमानातून उडी घेणाऱ्याला बाहेर पडताक्षणी वाऱ्याचा प्रचंड लोट मिळतो. विमानाच्या वेगामुळे हवा त्याच्या अंगावर आदळते आणि त्या हवेवर रेलून तो हातापायांच्या साह्याने आपला तोल राखू शकतो. फुग्याचे तसे नाही. फुगा वाऱ्याबरोबरच वाहत असतो, त्यामुळे टोपलीत उभ्या असलेल्या माणसाला वारा जवळजवळ जाणवतच नाही. बर्नर बंद झाला की खाली दूरवर भुंकणाऱ्या कुत्र्याचा आवाजही वर ऐकू येतो. त्या निश्चल शांततेतून पाऊल बाहेर टाकले की पहिली काही सेकंदे रेलायला काहीच नसते. हात हलवून उपयोग नाही, पाय झाडून उपयोग नाही. मग हळूहळू वेग वाढतो, हवा घट्ट होत जाते आणि दहा-बारा सेकंदांत शरीर ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येऊ लागते. तोवर तिथे कौशल्याला वाव नसतो. आधी जी तयारी केली असेल तिच्यावर विसंबून राहावे लागते.

या उडीचा आणखी एक विशेष आहे आणि माझ्या मते तोच नैतिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा. फुग्याचा तोल वजनावर अवलंबून असतो. आतली तापलेली हवा जेवढे वजन उचलू शकते तेवढेच टोपलीत असले तर फुगा एका उंचीवर स्थिर राहतो. सत्तर-ऐंशी किलो वजनाचा माणूस एकाएकी बाहेर पडला की फुगा हलका होतो आणि वर उसळू पाहतो. म्हणून जाणता चालक उडी घेणाऱ्याला काठावर उभे करण्यापूर्वी फुग्याला मंद गतीने खाली उतरू देतो. अनेकजण उडी घेणार असतील तर कोणी, कोणत्या बाजूने आणि कोणत्या क्रमाने निघायचे हे अगोदर ठरलेले असते. सांगायचे तात्पर्य, उडी एकट्याची असली तरी तिचा धक्का टोपलीत उरलेल्यांना बसतो.

आकाशात उंच जाण्याची आकांक्षा धर्माला कधी मुळात परकी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आजच्या क्रोएशियातील शिबेनिक गावी जन्मलेले बिशप फाउस्ट व्रांचिच यांनी यंत्रांवरील आपल्या ग्रंथात एक चित्र छापले. चौकोनी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या आधाराने एक माणूस मनोऱ्यावरून खाली उतरत आहे, असे ते चित्र. पुढे १७०९ साली ब्राझीलमध्ये जन्मलेले धर्मगुरू बार्तोलोमेउ द गुस्मांव यांनी लिस्बनच्या दरबारात राजा पाचवा जुआंव याच्यासमोर कागदाचा छोटा फुगा गरम हवेने वर चढवून दाखवला. गोव्यावर तेव्हा याच राजाचा अंमल होता. फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंचा फुगा आकाशात चढला तो त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १७८३ साली. म्हणजे एका बिशपने छत्रीचे चित्र काढले आणि एका धर्मगुरूने फुगा उडवला. निर्मात्याने दिलेल्या बुद्धीने त्याच्या सृष्टीचे नियम शोधावेत, यात त्यांना काही विपरीत वाटले नाही. तेव्हा प्रश्न उंचीचा नाही. प्रश्न आहे तो उंचावर गेलेल्या माणसाच्या मनाचा.

इंग्लंडमधील रॉबर्ट कॉकिंग यांची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. फ्रान्सच्या आंद्रे-जाक गार्नेरँ यांनी १७९७ साली पॅरिसमध्ये फुग्याखाली टांगलेल्या रेशमी छत्रीने उतरून दाखवले होते. १८०२ साली त्यांनी लंडनमध्येही तसाच प्रयोग केला. छत्री भयंकर झोके घेत खाली आली. ते पाहणाऱ्यांत कॉकिंग होते. व्यवसायाने चित्रकार, विज्ञानाची हौस मोठी. छत्रीचा आकार उलटा, म्हणजे नरसाळ्यासारखा केला तर झोके बसणार नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले. पस्तीस वर्षे ही कल्पना त्यांनी जोपासली. अखेर २४ जुलै १८३७ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानातून वायूने भरलेल्या प्रचंड फुग्याखाली आपली छत्री बांधून ते आकाशात गेले. वर टोपलीत चार्ल्स ग्रीन आणि एडवर्ड स्पेन्सर हे दोघे होते. उद्यानात अफाट गर्दी जमली होती. छत्री जड होती, फुगा अपेक्षेइतका चढेना, संध्याकाळ कलू लागली. सुमारे पाच हजार फुटांवर असताना ग्रीन यांनी कळवले की, उजेड आहे तोवर यापेक्षा वर जाणे शक्य नाही. तेव्हा माघार घेण्याऐवजी कॉकिंग यांनी दोर सोडला. छत्रीच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नीट झालेला नव्हता. ती हवेतच मोडली आणि कॉकिंग प्राणास मुकले.

इतिहासात बहुधा एवढेच सांगितले जाते. पण वर काय झाले? एवढे ओझे एका क्षणात सुटल्याबरोबर फुगा बाणासारखा वर सुटला. त्यातून बाहेर लोटणाऱ्या वायूने ग्रीन आणि स्पेन्सर यांचा श्वास कोंडला, काही काळ त्यांना डोळ्यांनी दिसेनासे झाले. हवेने भरलेली एक पिशवी सोबत घेतली होती, तिच्या नळ्या तोंडाला लावून ते कसेबसे वाचले. कॉकिंग यांनी आपला जीव पणाला लावला असे आपण म्हणतो. खरे तर त्यांनी तीन जीव पणाला लावले होते.

‘माझे आयुष्य माझे आहे, त्याचे मी काय वाटेल ते करीन’ हे वाक्य आजकाल वारंवार ऐकू येते. त्यातील स्वातंत्र्याची भूक मी समजू शकतो. पण हे वाक्य फुग्याच्या टोपलीत टिकत नाही. तिथे प्रत्येकाचे वजन प्रत्येकाच्या हिशेबात धरलेले असते. घराचेही तसेच आहे. कुणाच्या मिळकतीवर चूल पेटते, कुणाच्या आवाजाने म्हातारा बाप रात्री निर्धास्त झोपतो, कुणाच्या परतण्याकडे लहान मूल दारात डोळे लावून बसते. अशा माणसाचे एकाएकी नाहीसे होणे म्हणजे घराचा तोल उलथणे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की, आपण आपल्या जीविताचे मालक नसून कारभारी आहोत. देणारा देव आहे, म्हणून हिशेब त्याला द्यायचा. पण ज्यांच्या आधारासाठी तो जीव आपल्या हाती सोपवला गेला, त्यांनाही तो द्यायचा असतो, हे आपण पुष्कळदा विसरतो.

येथे एक रास्त आक्षेप येईल. मग काय माणसाने घरातच बसून राहावे? मासेमारीला जाणारा प्रत्येक पुरुष, विजेच्या खांबावर चढणारा प्रत्येक कामगार आपला तोल रोज धोक्यात घालतोच ना? आणि नुसते सुरक्षित राहणे हेच का जीवनाचे ध्येय? हा आक्षेप मी मान्य करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा विचार करताना त्याच्या दोन्ही बाजूंचे दोष दाखवले आहेत. एकीकडे भित्रेपणा, दुसरीकडे बेफिकिरी आणि अविचारी धाडस. ज्याला भय वाटतच नाही त्याला ते शूर म्हणत नाहीत. जे गमावू शकतो त्याच्यावर त्याचे पुरेसे प्रेम नसावे, किंवा आपण गमावूच शकत नाही अशी घमेंड तरी असावी, असे त्यांचे निदान आहे. खरा धैर्यवान भितो. पण भय किती मानायचे आणि कशापुढे मानायचे नाही, हे तो विवेकाने ठरवतो.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मिर्ना नगरीत ख्रिस्ती लोकांचा छळ झाला तेव्हाचा एक प्रसंग या भेदावर लख्ख प्रकाश टाकतो. फ्रिजिया प्रांतातून आलेला क्विंटस नावाचा एक मनुष्य मोठ्या आवेशाने आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला आणि इतरांनाही त्याने तसेच करायला लावले. प्रत्यक्ष श्वापदे समोर दिसताच मात्र तो कचरला आणि त्याने श्रद्धा सोडली. त्याच नगरीचे वृद्ध बिशप पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहावरून गावाबाहेरच्या शेतघरात जाऊन राहिले. शोधत शोधत शिपाई तिथे पोचले, तेव्हा पळून जाण्याऐवजी त्यांनी शिपायांना जेवू घातले आणि शांतपणे ते मरणाला सामोरे गेले. जो मरण शोधत गेला तो टिकला नाही, जो ते टाळत होता तो टिकला. हुतात्म्यांचा सन्मान करणाऱ्या ख्रिस्तसभेने स्वतःहून मरण ओढवून घेण्याची वाखाणणी कधी केली नाही.

आणि मग आठवते ती मंदिराच्या शिखरावरची परीक्षा. सैतान प्रभू येशूला उंचावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. देवदूत तुला झेलतील असे शास्त्रवचनही पुढे करतो. प्रभू नकार देतो, कारण देवाची परीक्षा पाहायची नसते. या प्रसंगाचा अर्थ ‘उंचावरून उडी मारू नये’ एवढाच घेतला तर आपण फार थोडे शिकलो. जे आपण स्वतः करू शकतो, करायला हवे, ते न करता देवाने ते करावे असा हट्ट धरणे आणि तोही निष्कारण, याला देवाची परीक्षा पाहणे म्हणतात. तेव्हा छत्रीची घडी स्वतःच्या हाताने नीट घालणारा, दुसरी राखीव छत्री बांधणारा, हवामान बिघडले तर ‘आज नको’ म्हणून टोपलीतून मुकाट्याने खाली येणारा माणूस देवाची परीक्षा पाहत नाही. तो त्याने घालून दिलेल्या निसर्गनियमांचा आदर करतो. याउलट संध्याकाळ झाली, लोक जमले आहेत, आता माघार कशी घ्यायची, असे म्हणून जो दोर सोडतो, तो शिखरावर उभा असतो. मग त्याच्या ओठी देवाचे नाव असो वा नसो. उडी मारता येणे ही कला आहे. उडी न मारता परत फिरता येणे हा सद्गुण आहे.

हेतू चांगला असला म्हणजे सगळे प्रश्न सुटतात, असेही नाही. अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांनी १६ ऑगस्ट १९६० रोजी हेलियमच्या फुग्यातून १,०२,८०० फुटांवरून, म्हणजे ३१ किलोमीटरहून अधिक उंचीवरून उडी घेतली. हा केवळ विक्रम नव्हता. अतिउंचावर विमान सोडावे लागलेल्या वैमानिकांची शरीरे गरगर फिरून ते बेशुद्ध होतात, ते टाळण्याची छत्री सिद्ध करायची होती. आधीच्या वर्षी याच प्रयोगमालेतील उडीत ते स्वतः असेच भोवंडून बेशुद्ध झाले होते आणि आपोआप उघडणाऱ्या छत्रीने बचावले होते. तरीही ते पुन्हा गेले. १९६० च्या या चढाईत त्यांच्या उजव्या हातमोज्यातील हवेचा दाब टिकेना, हात सुजू लागला. खाली कळवले तर मोहीम थांबवतील म्हणून ही गोष्ट त्यांनी बराच वेळ सांगितली नाही. ते सुखरूप उतरले, हात पूर्ववत झाला आणि जगाने त्यांना वीर मानले. वीर ते होतेच. तरी त्या मौनाविषयी विचार केला पाहिजे. खाली यंत्रांसमोर बसलेले सहकारीही एका अर्थाने त्याच टोपलीत होते. धोका किती वाढला आहे हे त्यांच्यापासून लपवणे म्हणजे त्यांच्या वाट्याचा निर्णय आपणच घेऊन टाकणे. मुले आईवडिलांपासून आणि नवरे बायकांपासून अशीच सुजलेली बोटे लपवत असतात, आणि त्यालाच आपण मोठेपणा समजतो.

उडी घेणाऱ्याची उलटतपासणी झाली. आता पाहणाऱ्यांची व्हायला हवी. १७८३ साली माणूस पहिल्यांदा फुग्यातून वर जायचा होता तेव्हा फ्रान्सच्या सोळाव्या लुईने सुचवले की, देहदंडाची शिक्षा झालेल्या कैद्यांना पाठवावे. ज्यांचा जीव जगाने आधीच वजा केला आहे त्यांच्यावर प्रयोग करावा, हा त्यातील हिशेब. सुदैवाने तसे झाले नाही. पिलात्र द रोझिए स्वेच्छेने गेले. शतकभरानंतर आपल्याच उपखंडात, १८९२ च्या मार्चमध्ये, ढाक्याच्या नवाबाने जनेट व्हॅन टॅसेल या बाईंना गरम हवेच्या फुग्यातून उडीचा खेळ करण्यासाठी आमंत्रित केले. बुढीगंगेच्या काठी लोकांची रीघ लागली. छत्री झाडाच्या शेंड्यात अडकली, खाली उतरवण्यासाठी एकाला एक बांधून उभारलेले बांबू टिकले नाहीत, आणि उंचावरून पडून त्या बाईंचा अंत झाला. ढाक्याच्या नारिंदा येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्या दिवशी टाळ्या वाजवायला आलेल्या हजारोंपैकी कितीजणांना आपणही या मरणाचे थोडेसे भागीदार आहोत असे वाटले असेल? ज्या खेळात दुसऱ्याचा जीव जाण्याची शक्यता हेच आकर्षण असते, त्या खेळाचा प्रेक्षक निर्दोष राहत नाही. आज हा जमाव मैदानात नसून पडद्यासमोर बसलेला असतो, एवढाच फरक.

परंतु या सर्व इतिहासात माझ्या मनात घर करून राहिली आहे ती एक वेगळीच उडी. डॉली शेपर्ड ही इंग्लंडमधील तरुणी जत्रांमध्ये फुग्याला लोंबकळत वर जाऊन छत्रीने उतरण्याचे खेळ करीत असे. जून १९०८ मध्ये लाँगटन येथे ती आणि तिची नवखी सोबतीण लुई मे एकाच फुग्याखाली आपापल्या छत्र्यांना धरून वर गेल्या. उतरायची वेळ आली आणि लुईची छत्री सुटेना. फुगा चढतच होता, दहा हजार फुटांच्याही वर. डॉलीची छत्री व्यवस्थित होती. तिने कळ ओढली असती तर काही मिनिटांत ती हिरवळीवर सुखरूप उतरली असती, आणि तिला कुणी दोषही दिला नसता. ती गेली नाही. झोका घेत तिने लुईला गाठले, तिला आपल्याला हातापायांनी घट्ट विळखा घालायला लावले, आणि एकीसाठी असलेल्या छत्रीने दोघी खाली आल्या. जमिनीचा आघात डॉलीने सोसला. तिच्या पाठीला भयंकर इजा झाली, कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. लुईला इजा झाली नाही.

जत्रेतील करमणुकीसाठी शिकलेले कौशल्य एका क्षणात प्रेमाचे साधन कसे झाले, ते येथे दिसते. म्हणून खेळ हा मुळातच फालतू, असे मी म्हणणार नाही. संत थॉमस यांनीही योग्य मर्यादेतील खेळाला सद्गुणांत जागा दिली आहे. मनालाही विसावा लागतो, आनंद लागतो. पहाटेच्या कोवळ्या उन्हात पृथ्वीला वरून पाहणे आणि काही क्षण तिच्या ओढीला स्वतःला सोपवणे, यातही निर्मात्याची स्तुती असू शकते. पण डॉलीजवळ धाडसाबरोबर आणखी एक गोष्ट होती. आपल्याबरोबर कोण लोंबकळत आहे, याचे भान तिने सोडले नव्हते.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरातील तरुणाने किंवा तरुणीने अशी इच्छा बोलून दाखवली तर ती ऐकताच कपाळाला हात लावू नये, आणि आजकालचे म्हणवून घेण्यासाठी तोंडदेखली वाहवाही करू नये. तिला जवळ बसवून तीन गोष्टी विचाराव्यात. छत्रीची घडी घालायला शिकलीस का? वारा फिरला तर सगळ्यांदेखत परत उतरण्याचे धैर्य आहे का? आणि टोपलीत मागे कोण कोण राहणार आहे, हे मोजलेस का? पहिल्या प्रश्नात विवेक आहे, दुसऱ्यात नम्रता आहे, तिसऱ्यात प्रीती आहे. तिन्ही उत्तरे खरी असतील तर आशीर्वाद देऊन जाऊ द्यावे. मग वडिलांनी चालकासारखे व्हावे आणि तिच्या जाण्याने घराचा तोल ढळू नये म्हणून आधीच थोडे खाली यावे. मुलांना दूर पाठवणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे कधी ना कधी करावेच लागते.